क्षमापत्र आणि कैफियत

१

पत्रवाङ्मयाचा विचार करताना मराठी टीकेची दृष्टी बहुधा लेखकाच्या व्यक्तित्वाकडे वळते. पत्रांतून माणूस कसा दिसतो, त्याची भाषा किती अकृत्रिम आहे, खाजगी जीवनावर ती पत्रे कोणता प्रकाश टाकतात, हेच प्रश्न प्रामुख्याने विचारले जातात. परंतु पत्रांचा एक वर्ग असा आहे की, त्याची पारख केवळ ह्या कसोट्यांवर होऊ शकत नाही. एकाच्या हातून दुसऱ्याचा अपराध घडला आणि झालेली जखम भरून यावी म्हणून त्याने लेखणी हाती धरली, तर ते पत्र सुंदर आहे किंवा नाही हा प्रश्न गौण ठरतो. ज्याला दुखावले त्याच्यापर्यंत ते पोचले किंवा नाही, हा प्रश्न मुख्य होतो. अशा पत्राला क्षमापत्र म्हणावे. त्याच्याच शेजारी, आणि पुष्कळदा त्याचाच वेष घेऊन, दुसरा एक प्रकार उभा असतो. त्याला आपल्या जुन्या दप्तरांतील शब्दच योग्य आहे : कैफियत. आपली बाजू मांडणे हे कैफियतीचे काम होय.

ह्या दोन प्रकारांतील भेद पाहण्यास लखनौच्या काँग्रेसइतके बोधप्रद उदाहरण मराठी माणसाला क्वचितच सापडेल. १९१६ च्या डिसेंबरअखेर अंबिकाचरण मजुमदार यांच्या अध्यक्षतेखाली लखनौस जे अधिवेशन भरले, ते इतिहासात दोन समेटांसाठी प्रसिद्ध आहे. एक समेट काँग्रेस आणि मुस्लिम लीग यांचा. दुसरा, १९०७ साली सुरतेस फाटलेल्या मवाळ आणि जहाल ह्या दोन पक्षांचा. लोकमान्य टिळक ह्या अधिवेशनास आले तेव्हा त्यांचे फार मोठे स्वागत झाले. दहा वर्षांनंतर सर्वांनी एकत्र येण्याचा दिवस पाहण्यास आपण जिवंत राहिलो, ह्याबद्दलचा आनंद त्यांनी व्यासपीठावरून बोलून दाखविला. तो दिवस पाहण्यास गोपाळ कृष्ण गोखले मात्र जिवंत नव्हते. त्या दोघांमधील अखेरचा व्यवहार पत्रांचा होता, आणि त्या पत्रांनी जखम भरली तर नाहीच, उलट ती अधिक चिघळली. लखनौस जो समेट झाला तो ह्या पत्रांना वगळून झाला. असे का व्हावे, ह्याचा विचार केला म्हणजे क्षमापत्राचे स्वरूप पुष्कळसे उलगडते.

२

मराठी परंपरेत पत्राची पहिली अडचण मायन्याची मानली गेली आहे. चांगदेवाने ज्ञानेश्वरांना कोरे पत्र पाठविले, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. वयाने आपण वडील, ज्ञानाने समोरचा वडील. तेव्हा ‘चिरंजीव’ लिहावे की ‘तीर्थस्वरूप’, हे न उमगल्यामुळे कागद कोराच राहिला, आणि त्याला उत्तर म्हणून पासष्ट ओव्या गेल्या. कथेचा आध्यात्मिक अर्थ बाजूला ठेवला, तरी तिच्यात पत्रलेखनाचे एक मर्म आहे. आपण कोणाला आणि कोणत्या नात्याने लिहीत आहो हे ज्याला ठरविता येत नाही, त्याला मजकूर सुचत नाही. क्षमापत्रात ही अडचण दुप्पट होते, कारण अपराधाने नातेच बिघडलेले असते. कालपर्यंतचा मायना आज लिहिता येत नाही, आणि नवा मायना अजून ठरलेला नसतो.

पेशवाईतील पंचायतीची कागदपत्रे ह्या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. वादी आणि प्रतिवादी पंचांचा निर्णय मान्य करण्याबद्दल आरंभी राजीनामा लिहून देत. मग प्रत्येकाची तकरीर किंवा कैफियत लिहून घेतली जाई. निर्णय झाल्यावर जिंकणाऱ्यास जयपत्र मिळे, आणि हरणाऱ्याकडून येजितपत्र, म्हणजे आपण हरलो असे कबूल करणारे पत्र, घेतले जाई. ह्या व्यवस्थेला मनुष्यस्वभावाचे ज्ञान होते, हे उघड आहे. तंटा मिटला असे केवळ पंचांनी म्हणून भागत नाही, हरलेल्याच्या तोंडून, किंबहुना त्याच्या हस्ताक्षरात, ते यावे लागते, हे तिने ओळखले होते. परंतु येजितपत्र हे क्षमापत्र नव्हे. ते पंचांच्या आज्ञेने लिहिलेले असते, त्यात हार कबूल केलेली असते आणि अपराधाचा उच्चार असेलच असे नाही. अशा कागदाने वतनाचा किंवा शेताचा तंटा तुटत असेल, पण दोन घरांतील बोलणे सुरू होईलच, ह्याची हमी तो देऊ शकत नाही.

खऱ्या क्षमापत्राचा नमुना म्हणून महात्मा गांधींनी आपल्या आत्मकथेत सांगितलेला प्रसंग घेता येईल. वडील भावाचे सुमारे पंचवीस रुपयांचे कर्ज फेडण्यासाठी त्याच्याच हातातील सोन्याच्या कड्याचा तुकडा त्यांनी पंधराव्या वर्षी कापून विकला. पुढे ही चोरी असह्य होऊन त्यांनी वडिलांना चिठ्ठी लिहिली आणि स्वतः त्यांच्या हाती दिली. चिठ्ठीत अपराधाची कबुली होती, शिक्षेची मागणी होती, वडिलांनी आमच्यासाठी स्वतःस क्लेश करून घेऊ नयेत अशी विनवणी होती, आणि पुन्हा चोरी न करण्याची प्रतिज्ञा होती. वडील अंथरुणाला खिळलेले होते. ते उठून बसले, त्यांनी ती वाचली, त्यांच्या डोळ्यांतील पाण्याने कागद भिजला. मग त्यांनी चिठ्ठी फाडून टाकली आणि ते पुन्हा आडवे झाले. ह्या प्रसंगावरून गांधींनी काढलेला निष्कर्ष असा की, कबुली स्वीकारण्याचा ज्याला अधिकार आहे त्याच्यापुढे ती स्वेच्छेने आणि निष्कपटपणे ठेवली, आणि पुन्हा तसे न करण्याची प्रतिज्ञा तिच्याबरोबर असली, तर तेच शुद्धतम प्रायश्चित्त होय.

ह्यात ‘अधिकार’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कड्याचा तुकडा भावाचा होता. परंतु विश्वास वडिलांचा मोडला होता, आणि चिठ्ठी त्यांच्याकडे गेली. चिठ्ठी फाडली गेली हेही सूचक आहे. तिचे काम झाले होते. ती दप्तरात जपून ठेवण्यासाठी, पुढे पुरावा म्हणून दाखविण्यासाठी लिहिलेली नव्हती. कैफियत मात्र जपून ठेवावी लागते, कारण तिचा खरा वाचक नेहमी तिसराच कोणी असतो.

३

गोखल्यांच्या चरित्रात क्षमापत्राचा प्रसंग फार लवकर आणि फार कठोरपणे आला. १८९७ साली ते वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी विलायतेस गेले होते. पुण्यात तेव्हा प्लेगची साथ होती, आणि रँड यांच्या अधिकाराखाली गोऱ्या सैनिकांकडून घरांची झडती घेतली जात होती. घरांतील सामान बाहेर काढले जाई, माणसांना विलग छावण्यांत नेले जाई, देवघरे आणि स्वयंपाकघरे ह्यांचा मुलाहिजा राहत नसे. ह्याबद्दलचा संताप शहरभर होता. २२ जूनला रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. त्या दिवसांत पुण्याच्या मित्रांकडून आलेल्या पत्रांच्या आधारे, सैनिकांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केले आणि त्यांपैकी एकीने जीव दिला, अशी हकीकत गोखल्यांनी ‘मँचेस्टर गार्डियन’ पत्राला सांगितली. मुंबई सरकारने तिचा इन्कार केला. जुलैअखेर गोखले मुंबईस उतरले तेव्हा हकीकत सिद्ध करण्यास पुरावा मिळेना, आणि लिहिणाऱ्या मित्रांची नावे सांगण्यास ते तयार नव्हते. त्यांनी सर्व दोष आपल्या माथी घेतला आणि गव्हर्नर, प्लेग कमिटीचे सभासद आणि प्लेगच्या कामावरील सैनिक ह्यांची वर्तमानपत्रांतून बिनशर्त क्षमा मागितली.

ह्या पत्राने पुण्यात किती संताप उसळला असेल, ह्याची कल्पना काळ लक्षात घेतला म्हणजे येते. त्याच जुलैअखेर टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून अटक झाली होती, आणि सप्टेंबरात त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. एक तुरुंगात जातो आणि दुसरा क्षमा मागतो, असे ते चित्र लोकांसमोर उभे राहिले. गोखल्यांवर भित्रेपणाचा शिक्का बसला.

आज त्या पत्राचा विचार निराळ्या रीतीने करता येईल. त्यात एक गुण निर्विवाद आहे. पुराव्यावाचून केलेल्या आरोपाची जबाबदारी त्यात कोठेही मित्रांवर, परिस्थितीवर किंवा ऐकीव वार्तांवर ढकललेली नाही. ‘पण’ हा शब्द क्षमापत्राचा शत्रू आहे, आणि ह्या पत्राने तो आत येऊ दिला नाही. तरीही त्याने जखम भरली नाही, ह्याचे कारण त्याच्या मायन्यात आहे. ते ज्यांना उद्देशून होते त्यांत सत्ताधारी होते, सैनिक होते; ज्यांच्या घरांच्या झडत्या झाल्या होत्या ते पुणेकर नव्हते. एक विशिष्ट आरोप सिद्ध झाला नाही, एवढ्यावरून त्या झडत्यांतील अपमान नाहीसा होत नव्हता. खोटा ठरलेला शब्द परत घेणे हे गोखल्यांचे कर्तव्य होते आणि ते त्यांनी पार पाडले; परंतु तो परत घेताना, खऱ्या असलेल्या दुःखाचा उच्चार करण्याची जागा त्या पत्रात उरली नाही. पुणेकरांना ते पत्र वाचता आले, पण त्या पत्राला त्यांच्याशी बोलता आले नाही. क्षमापत्र उघड्यावर लिहिले म्हणजे हा धोका नेहमीच असतो : एकाचे देणे फेडताना दुसऱ्याचे नवे देणे होऊन बसते.

ते देणे गोखल्यांनी दुसऱ्या एखाद्या पत्राने फेडण्याचा यत्न केला नाही. प्लेग पुन्हा पुण्यात आला तेव्हा ते स्वयंसेवकांबरोबर निवारणाच्या कामात उतरले. ज्या लोकांना पहिल्या पत्रात मायना नव्हता, त्यांच्या दाराशी ते स्वतः गेले. शब्दांनी जेथे काम होत नाही तेथे कृतीने ते पुरे करावे लागते, आणि कृतीची जोड नसलेले क्षमापत्र अर्धेच राहते, हे ह्यावरून दिसते.

४

टिळक आणि गोखले ह्यांचे मतभेद तोपर्यंत जुने झाले होते. १८९० साली टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा राजीनामा दिला, तो विस्तृत कारणांसह दिला. ते पत्र वाचणाऱ्यास सहकाऱ्यांवरील एक दीर्घ कैफियतच वाटेल. पुढे सार्वजनिक सभा, मग डेक्कन सभा, मग सुरत. सुरतेस मंडपात जोडा फेकला गेला, खुर्च्या उडाल्या, अधिवेशन उधळले. आणि त्यानंतर दोन्ही पक्षांनी काय घडले ह्याची आपापली निवेदने प्रसिद्ध केली. दोहोंत घटनाक्रम आहे, साक्ष आहे, दुसऱ्याच्या दोषांचा तपशील आहे. आपल्या पक्षाकडून काय चुकले, ह्याचा शोध मात्र त्यांत व्यर्थ ठरतो. कैफियतीचा तो धर्मच आहे. तिला त्याबद्दल दोष देता येत नाही. दोष द्यायचा तर एवढाच की, दोन कैफियती समोरासमोर ठेवल्या म्हणजे समेट होईल, अशी समजूत त्या काळी आणि नंतरही टिकून राहिली.

१९१४ च्या जूनमध्ये टिळक मंडालेहून सुटून आले. त्या वर्षाच्या डिसेंबरात ॲनी बेझंट आणि काँग्रेसचे चिटणीस सुब्बाराव पुण्यास आले, आणि टिळकपक्षाला काँग्रेसमध्ये परत येण्याचा मार्ग मोकळा व्हावा अशी बोलणी सुरू झाली. गोखले आरंभी ह्या गोष्टीला अनुकूल होते. परंतु टिळकांचे विचार सुब्बारावांकडून कळल्यावर त्यांना वाटले की, टिळक आत आले तर अडवणुकीचे राजकारण आत येईल. आणि त्यांनी मद्रासच्या अधिवेशनाचे नियोजित अध्यक्ष भूपेंद्रनाथ बसू ह्यांना एक खाजगी पत्र लिहून आपला पाठिंबा काढून घेतला. मद्रासेस त्या पत्राचा उल्लेख झाला. टिळक सरकारवर बहिष्कार घालू म्हणतात, अशी वार्ता पसरली. टिळकांनी तारेने तिचा इन्कार केला, आणि मूळ पत्र प्रसिद्ध करावे अशी मागणी केली. पत्र खाजगी होते, म्हणून ते तसे प्रसिद्धीस आले नाही. त्यातील शब्द कोणते, ते टिळकांच्या तोंडचे की ऐकणाऱ्याच्या तर्काचे, ह्यावर १९१५ च्या आरंभी दोघांत पत्रे झाली, आणि वाद वृत्तपत्रांत गेला.

हा पत्रव्यवहार दोन अत्यंत बुद्धिमान आणि सभ्य पुरुषांचा आहे. मायने यथायोग्य आहेत. पण आतील मजकूर वकिलाचा आहे. प्रत्येक पत्र मागच्या पत्रातील एखादे वाक्य पकडून पुढे जाते. टिळकांचे दुःख असे की, आपल्याविषयी जे लिहिले गेले ते आपल्या पाठीमागे, तिसऱ्याला लिहिले गेले. ते आपल्याला विचारून पडताळता आले असते, कारण दोघे एकाच पुण्यात राहत होते. गोखल्यांचे दुःख असे की, विश्वासाने लिहिलेल्या खाजगी पत्रावरून आपल्या प्रामाणिकपणाची जाहीर परीक्षा होत आहे, आणि तीही शरीर साथ देत नसताना. दोन्ही दुःखे खरी होती. परंतु पहिल्याचा उच्चार दुसऱ्याच्या पत्रात नाही, आणि दुसऱ्याचा पहिल्याच्या पत्रात नाही. मी तुझ्याविषयी जे लिहिले ते तुला विचारून लिहायला हवे होते, किंवा तुझा विश्वास मी जाहीर वादाचा विषय करायला नको होता, ह्यांपैकी एक वाक्य कोणाच्याही लेखणीतून उतरते, तर ती कैफियत तेथेच थांबून क्षमापत्राला आरंभ झाला असता. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखल्यांचे निधन झाले, आणि ते वाक्य लिहिण्याची वेळ निघून गेली.

टिळक त्या वेळी सिंहगडावर होते. बातमी कळताच ते पुण्यास आले, आणि स्मशानात त्यांनी जे भाषण केले त्यात गोखल्यांचा गौरव हिंदुस्थानचे रत्न आणि कार्यकर्त्यांचा अग्रणी अशा शब्दांत केला. जमलेल्या लोकांना त्यांचे अनुकरण करण्यास सांगितले. ‘केसरी’त मृत्युलेख आला. वीस वर्षांपूर्वी आगरकर वारले तेव्हाही असेच घडले होते : हयातीत तुटलेला संवाद मृत्युलेखात पुन्हा जोडला गेला होता. ह्या मृत्युलेखांत औदार्य आहे, आणि ते खरे आहे. परंतु त्यांना उत्तर देणारा कोणी नाही. क्षमापत्राचे सारे बळ समोरच्याला उत्तराचे स्वातंत्र्य देण्यात असते : तो क्षमा करील, न करील, चिठ्ठी फाडील किंवा परत पाठवील. मृत्युलेखात हे स्वातंत्र्य संपलेले असते; म्हणून तो कितीही उदार असला, तरी न पाठविलेल्या पत्राची जागा भरून काढू शकत नाही.

५

ह्यानंतर समेट झाला तो नियमांच्या वाटेने. १९१५ च्या मुंबईच्या काँग्रेसने प्रतिनिधी निवडण्याचे नियम सैल केले, १९१६ च्या उन्हाळ्यात बेळगावास टिळकपक्षाने परत जाण्याचा ठराव केला, आणि डिसेंबरात लखनौ आले. फिरोजशहा मेहतांचेही तोपर्यंत निधन झाले होते. सुरतेबद्दल कोणी कोणाची क्षमा मागितली नाही. मागण्याची गरजही भासली नाही. संस्था अशाच सावरतात. कलम बदलते, दार उघडते, पिढी सरते. लखनौस जे साधले ते मोठे होते आणि त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु संस्थेचा समेट आणि माणसांचा समेट ह्या दोन गोष्टी आहेत, आणि पहिली झाली म्हणून दुसरी झाली असे समजण्याची चूक इतिहासलेखनात सहज होते. योगायोग असा की, गोखल्यांना गुरुस्थानी मानणारे गांधी त्याच लखनौस आले होते, आणि तेथेच राजकुमार शुक्ल ह्यांनी त्यांना गाठून चंपारण्यातील रयतेचे दुःख सांगितले. ज्यांची कैफियत कोणी लिहून घेतली नव्हती अशा शेतकऱ्यांच्या हजारो जबान्या पुढच्या वर्षी गांधींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहून घेतल्या. कैफियतीचे योग्य स्थान कोणते, हे त्यावरून कळते. दुर्बळाला सबळापुढे आपले दुःख मांडायचे असते तेव्हा कैफियतच हवी. दोन समानांमध्ये दुखावलेला विश्वास जोडायचा असतो तेव्हा तिचा उपयोग होत नाही.

गेल्या अर्धशतकात न्यायशास्त्रात जो पुनःस्थापक न्यायाचा विचार रुजला, त्याचा अनुभवही ह्याच दिशेचा आहे. १९७४ साली कॅनडातील एल्मायरा नावाच्या गावी दोन तरुणांनी एका रात्रीत बावीस ठिकाणी नासधूस केली, तेव्हा त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याच्या सूचनेवरून न्यायालयाने त्यांना प्रत्येकाच्या दारी जाऊन भेटण्यास आणि नुकसान भरून देण्यास सांगितले. ह्या प्रयोगापासून जी पद्धती वाढली, तिच्यात अपराध्याकडून क्षमापत्र लिहून घेण्याची रीत आहे. पण दुखावलेल्याची इच्छा असल्यावाचून ते त्याच्याकडे पाठवू नये, असा दंडक काळजीने पाळला जातो. लिहिणाऱ्याचे मन हलके व्हावे म्हणून वाचणाऱ्यावर नवे ओझे लादू नये, हा त्यातील विचार आहे. पंचांच्या आज्ञेने घेतलेले येजितपत्र आणि गांधींनी वडिलांच्या हाती दिलेली चिठ्ठी, ह्यांच्यामधील अंतर ही पद्धती ओळखते.

पत्रवाङ्मयाच्या टीकेने ही कसोटी आपलीशी करावयास हरकत नाही. आपल्याकडील थोरांचे पत्रव्यवहार संपादित होतात, तेव्हा त्यांतील तर्क, शैली, राजकीय माहिती ह्यांची नोंद होते; परंतु पत्र कोणाला लिहिले गेले, कोणाला लिहावयास हवे होते, आणि ‘पण’ कोठे आला, ह्या प्रश्नांकडे सहसा लक्ष जात नाही. टिळक आणि गोखले ह्यांची १९१५ ची पत्रे ह्या प्रश्नांसह वाचली, तर कोण बरोबर होता ह्या शंभर वर्षांच्या वादाहून अधिक काही हाती लागते. एकाच शहरातील दोन घरे दिसतात, त्यांच्यामधून जाणारी टपाल दिसते, आणि त्या टपालात जे एक वाक्य कधीच गेले नाही त्याची जाणीव होते. तेवढे वाक्य लिहावयास थोरांनाही किती जड जाते, हे ज्याला समजले, त्याला आपल्या घरातले असे एखादे राहून गेलेले पत्र वेळेवर लिहिण्याची बुद्धी होण्याचा संभव आहे.